रंभाबाईनं केलेली वाटणी

मारुतीच्या देवळातली भांडी रंभाबाईनं मोडीत घातली आणि जेऊरला भावाच्या नावानं विहिरीसकट मळा घेतला, ही बातमी आमच्या गल्लीत सकाळी नळावर सुटली. दुपारच्या भोंग्यापर्यंत त्या मळ्यात दोन बैलही येऊन उभे राहिले. बातमी खोटी होती. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण त्यातले बैल माझे. हकीकत रंगात आली की एखादं जनावर घातल्याशिवाय मला राहवत नाही. खरं म्हणाल तर भांड्यांतलं एक ओगराळंसुद्धा मोडीत गेलं नव्हतं. भांड्यांची वाटणी झाली होती, तीही गल्लीतल्या साठ शहाण्या पुरुषांच्या देखत. त्या साठांत मी होतो. म्हणून ती सांगताना मला थोडी लाज वाटते आणि बरीच मजा.

रंभाबाई आमच्या मारुतीची गुरवीण. जेऊरची पोर, अकराव्या वर्षी लग्न होऊन आमच्या शहरात, तुळजापूर वेशीच्या आत आली. नवरा महिपती गुरव इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला तेव्हा गल्लीत चर्चा झाली, की मारुती ब्रह्मचारी, त्याची सेवा बाईनं कशी करायची? चार दिवस मोठमोठी माणसं यावर बोलली. पाचव्या दिवशी देऊळ झाडायचं कुणी, असा प्रश्न निघाला आणि चर्चा आपोआप थांबली. ठरलं असं, की शनिवारी शेंदूर लावायला तिचा चुलतदीर येईल. झाडलोट, दिवा, आरती आणि भांड्यांची खोली रंभाबाईकडे. उंचीनं ती घंटेपर्यंत पोचत नसे, म्हणून घंटेला सुंभ बांधलेला. आवाजाला मात्र सुंभाची गरज नव्हती. ती देवळाच्या ओट्यावरून "कमळाकरा, आरती!" म्हणाली की भिंतीपलीकडे माझ्या घरात ताटाखालचा पाट हलायचा. मी गिरणीच्या टाइम-ऑफिसात तीनशे माणसांच्या उशिरा येण्याची नोंद ठेवतो. पण मला स्वतःला उशीर झाला तर जाब द्यावा लागे तो रंभाबाईला.

आता ही भांड्यांची खोली म्हणजे काय, ते सांगायला हवं. देवळाच्या डाव्या अंगाला एक अंधारी कोठडी, तिच्यात पंचांची भांडी. पाचशे पानांचा भात होईल अशी पातेली, दोन कढया, हंडे, त्यांवरची झाकणं, पराती, झारे, डाव, लोखंडी तिवया. आमच्या आजोबांच्या पिढीनं घरटी तांबं-पितळ गोळा करून घडवलेली. गल्लीतलं लग्न, मुंज, बारसं, तेरावं, सगळं त्यांच्यावर निघे. भाडं नाही. रिवाज मात्र होता, आणि त्या रिवाजाची राखण रंभाबाई करी. ज्याला भांडी हवीत त्यानं आदल्या संध्याकाळी आरतीला उभं राहायचं, दिव्याला वाटीभर तेल आणायचं, आणि पंगतीचं पहिलं वाढलेलं ताट देवळात पोचवायचं. ते ताट मारुतीला दाखवलं जाई आणि रंभाबाई जेवे. लग्नसराईत तिची चूल महिना महिना पेटत नसे.

भांडी परत आली की ती आत हात घालून बोट फिरवी, वास घेई. "चनबसप्पाच्या घरची आमटी लागली व्हती," ती म्हणे, "बोलत न्हाईत, पर पातेलं बोलतंय." कुणाच्या लग्नात गूळ कमी पडला, कुणी डाळीत पाणी ओतलं, हे तिला पातेल्याच्या बुडावरून कळे. गल्लीची अब्रू म्हणाल तर तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर होती. मी या बाबतीत तिचा नम्र शिष्य. तिला बोट लागे, मला नुसती जीभ पुरे.

तर असं बरं चाललं होतं. मग आमच्या गल्लीला राजकारण झालं.

मार्शल लॉ उठून चार-पाच वर्षं झाली होती. म्युनिसिपालटीच्या निवडणुकीचं वारं सुटलं आणि गल्लीचे उभे दोन भाग झाले. एक टोपीवाल्यांचा. त्यांचा पुढारी वेणीमाधव, वकिलाकडे कारकून. बोलायला लागला की वकील परवडला. दुसरा फेटेवाल्यांचा. त्यांचा पुढारी चनबसप्पा, गुळाच्या अडतीचा मालक, घरी कानडी, दुकानात मराठी आणि रागात दोन्ही. दोघं एका शाळेतले, एका ओट्यावर चिंचोके खेळलेले. आता एकमेकांची सावली चुकवून चालत. दोन पक्षांचे न्हावी वेगळे झाले, चहाची हॉटेलं वेगळी झाली. गिरणीचा भोंगा तेवढा दोघांचा एक राहिला, तोही मधोमध कापता येत नव्हता म्हणून. मी दोन्हीकडचा चहा पीत असे. अशा वेळी कुणीतरी तटस्थ असावं लागतं.

या सगळ्यात मारुतीची पंचाईत झाली. पूर्वी संध्याकाळी आरतीला चाळीस-पन्नास माणसं असत. पण सभेची वेळ आणि आरतीची वेळ एकच. त्यातून सुटलेले वाचनालयात वर्तमानपत्राच्या एकेका पानाला लोंबकळत. त्यातूनही उरलेले बोलपटाला जात. वेणीमाधव म्हणे, "देशाची पूजा हीच देवाची पूजा, रंभाबाई. आम्ही सभेत असतो म्हणजे देवळातच असतो."

"मग परसाद बी तितंच खा," रंभाबाई म्हणे.

चनबसप्पाचं तर सरळच होतं. तो गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगे, "रंभाक्का, माझा देव माझ्या गळ्यात आहे. हौदु? खरं की नाही? मी इथं येत होतो ते ओट्यावर गप्पा मारायला. आता ओट्यावर तो टोपीवाला बसतो." वेणीमाधव ओट्यावर बसायचा केव्हाच बंद झाला होता, तोही चनबसप्पा बसत असेल म्हणून. ओटा रिकामा, आणि दोघंही त्याच्यापासून दूर.

आरतीला उरलो आम्ही तिघं. रंभाबाई, मी, आणि बहिरे गंगाधरपंत, जे दुसऱ्याच आरतीचे शब्द म्हणत. रंभाबाईला त्याचं फारसं काही वाटत नसे. "लोकं येत न्हाईत तर न येऊ देत," ती म्हणे, "भांड्याला तर येत्यात न्हवं? तेवढ्या तेलावर दिवा चालतो." सगळा हिशेब तिच्या मनात पक्का होता: भांडी आहेत तोवर दिवा आहे, आणि दिवा आहे तोवर रंभाबाई आहे.

आणि नेमकी भांडीच वादात सापडली. टोपीवाल्यांनी शिबिराच्या खिचडीला मोठा हंडा नेला. फेटेवाले म्हणाले, पंचांचा हंडा एका पक्षाच्या खिचडीला कसा? पुढच्या महिन्यात फेटेवाल्यांनी कुस्त्यांच्या जेवणाला दोन्ही कढया नेल्या. टोपीवाले म्हणाले, कुस्ती हे निमित्त, आत प्रचार शिजतोय. हंड्यावर कुणीतरी खडूनं एका पक्षाचं नाव लिहिलं, दुसऱ्यानं पुसून आपलं लिहिलं. मेहबूब कल्हईवाल्यानं दोन्ही नावं घासून काढली तेव्हा त्याच्यावर दोन्ही पक्ष रागावले. गेल्या सहा महिन्यांत दोघांचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतं.

शेवटी देवळात सभा बोलावली. कितीतरी दिवसांनी मारुतीपुढं एवढी माणसं जमली, पण बसली ती एकमेकांकडे तोंड करून. देवाकडे सगळ्यांची पाठ. ठराव आला: भांडी समसमान वाटून घ्यावीत, अर्धी टोपीवाल्यांच्या कचेरीत, अर्धी फेटेवाल्यांच्या.

रंभाबाई उंबऱ्यावर उभी होती. ती म्हणाली, "वेणू, चन्नू, मी तुमाला लहानाचं मोठं हुताना बगितलंय. भांडी हितनं हालवू नका. भांडी गेली की हितं कुत्रं फिरकायचं न्हाय. दिव्याला त्याल कुटनं आणू? मी काय खाऊ? तुमचं राजकारण तुमच्या घरी करा, पर ही एक कोठडी सोडा."

"रंभाबाई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे," वेणीमाधव म्हणाला.

"आम्हालाही तत्त्व आहे," चनबसप्पा घाईनं म्हणाला. आपल्याकडे ते कमी पडू नये म्हणून.

"म्हंजी वाटणार?"

"समसमान," दोघं म्हणाले.

चनबसप्पाच्या गोदामातून मोठी तागडी आणली. वेणीमाधवनं तागडीवर संशय घेतला, म्हणून पारडी उलटसुलट लावून पाहिली. मग वजनांवर संशय निघाला, म्हणून पलीकडच्या गल्लीतून वजनं आणली. एवढं झाल्यावर ढीग करायचे कुणी, यावर अडलं. टोपीवाल्यांनी केले तर फेटेवाल्यांना चालेनात, फेटेवाल्यांनी केले तर टोपीवाल्यांना. दोघांचा विश्वास असलेलं माणूस सबंध सभेत एकच निघालं, कारण ते माणूस दोघांनाही सारख्याच शिव्या देत असे.

रंभाबाईनं पदर खोचला. कोठडीतून एकेक भांडं बाहेर येऊ लागलं. एका ढिगात तिनं हंडे, पातेली आणि कढया ठेवल्या. अकरा नग, पण काय ते नग! दुसऱ्या ढिगात झाकणं, पराती, झारे, डाव, ओगराळी, चाळण्या, तिवया. मोजून त्रेसष्ट. तागडीवर चढवलं तर दुसरा ढीग जरा हलका. तिनं कोपऱ्यातला बत्ता आणून त्यात टाकला. काटा बरोब्बर मध्ये आला. सभेनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दाराशी मेहबूब उभा होता. त्यानं तोंड उघडलं, "ये ढक्कनां इधर, पतेले उधर? ऐसा कायकू जी..."

रंभाबाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मेहबूबनं तोंड मिटलं आणि गालातल्या गालात हसत निघून गेला. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. साठ माणसं होती, त्यांत दोन वकिलांचे कारकून, तीन मास्तर, एक ओव्हरसियर आणि मी. एकाचाही पाय कधी चुलीपाशी गेलेला नव्हता.

वेणीमाधवनं चटकन पहिला ढीग मागितला. मोठमोठी भांडी, डोळ्यांत भरणारी. बाहेर पडताना तो आमच्या कानात म्हणाला, "फसला गूळवाला." चनबसप्पा दुसऱ्या दारानं निघाला होता, तिकडे गेलो तर त्यानं मला कोपरखळी मारली. "माझ्याकडे त्रेसष्ट, त्याच्याकडे अकरा! बी.ए. झालेल्यांना मोजता येत नाही, कमळाकर."

मी घरी आलो आणि पाटावर बसताना बायकोला सगळं सांगितलं. वच्छला भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "म्हणजे पातेली एकाकडे आणि झाकणं दुसऱ्याकडे?"

"वजन एकदम सारखं," मी म्हणालो.

ती एवढी हसली की भाकरी तव्यावर करपली. मी का हसतेस विचारलं तर म्हणाली, "काही नाही. वैशाख येऊ द्या."

वैशाखाला दोन महिने होते. ते रंभाबाईला जड गेले, हे मी भिंतीपलीकडून पाहत होतो. कोठडीच्या दाराला कुलूप लावायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी ती लावी. आरतीला तेल कुणी आणेना. गंगाधरपंतांनाही पडसं झालं. तिच्या घरातला भाजीच्या फोडणीचा वास बंद झाला. एक दिवस मी विचारलं तर म्हणाली, "तेल दिव्याला जातं. भाजी काय, उकडून बी खाता येती." वच्छलानं आमच्याकडचं वाटीभर तेल नेऊन दिलं तर तिनं ते परत पाठवलं. "तुमच्या घरी लगीन हाय का? न्हाय. मग रिवाजाबाहेरचं मला नगं." मला सांगायला हरकत नाही, त्या दिवसांत मी तिच्यावर एकही गोष्ट रचली नाही. मळ्याची ती बातमी मात्र त्याच आठवड्यात उठली. आता बैल माझे होते हे मी कबूल केलंच आहे.

वैशाखात पहिलं लग्न निघालं ते वेणीमाधवच्या पुतणीचं, शकुंतलेचं, गुरुवारी. आणि शुक्रवारी चनबसप्पाच्या धाकट्या मुलाचं. बुधवारी सकाळी, आदल्या दिवशीच आलेल्या पाहुण्यांसाठी, वेणीमाधवच्या दारी चुलाण पेटलं. आचारी आला, त्यानं अकरा भांड्यांभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली.

"झाकणं?"

"कसली झाकणं?" वेणीमाधव म्हणाला.

"भातावरची. आणि डाव कुठायत? झारा? बुंदी काय हातानं पाडू?"

वेणीमाधवनं निवडणुकीचा एक फलक काढून भाताच्या पातेल्यावर ठेवून पाहिला. वाफेनं त्याच्यावरचा रंग सुटला आणि भाताला निळसर छटा आली. आमटी ढवळायला फलकाचीच काठी घेतली, ती निम्म्यात मोडून आमटीत गेली. तांबटाकडे माणूस पाठवला, तर एवढे मोठे डाव घडवायला तीन आठवडे लागतील, असा निरोप आला. दुसऱ्या देवळांची भांडी लग्नसराईत आधीच बाहेर.

तिकडे चनबसप्पाच्या घरी त्याची बायको सिद्धम्मा त्रेसष्ट नगांसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करायची होती आठशे माणसांची. आठ घरांतून पातेली मागून आणली, तर झारा एकाही पातेल्यात मावेना. सिद्धम्मा नवऱ्याला म्हणाली, "झाकणाखाली काय झाकू? तुमचं तोंड?" हे मी स्वतः ऐकलं. मी तिथं चहाला होतो.

त्या दुपारी रणरणत्या उन्हात देवळाच्या पुढच्या दारानं वेणीमाधव आला आणि मागच्या दारानं चनबसप्पा. दोघंही चोरून. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही मारुतीला नमस्कार करायला आल्याचं नाटक करू लागले. वेणीमाधवनं तर प्रदक्षिणाही घातली. दुसऱ्या फेरीत चनबसप्पाच्या पायावर पाय पडला.

रंभाबाई तांदूळ निवडत बसली होती. "काय हवं?"

"भांडी," दोघं एकदम.

"माज्याकडं कुटली भांडी? तुमीच न्हेली की."

"रंभाक्का, चेष्टा पुरे," चनबसप्पा म्हणाला. "परवा माझे लोक उपाशी उठतील."

"मला काय सांगतुया? कोठडी हितं हाय. भांडी आणून ठिवा, म्होरं रिवाज ठावं हाय."

वेणीमाधवनं घसा साफ केला. "तात्पुरती ठेवतो. लग्नापुरती. तत्त्वाला धक्का न लावता."

"तत्त्व बाहेर ठिवा, आत जागा कमी हाय," रंभाबाई म्हणाली.

तासाभरात चौऱ्याहत्तर नग आणि बत्ता कोठडीत परत आले. संध्याकाळी आरतीला दोन्ही पक्षांची माणसं होती, कारण भांडी उचलायला माणसं लागतात आणि रिवाजाशिवाय कोठडीचं कुलूप निघेना. गंगाधरपंतही पडसं सोडून आले. तेलाच्या दोन वाट्या आल्या, मग कुणाचं काही कमी नको म्हणून चार आल्या. टोपीवाले मोठ्यानं म्हणू लागले म्हणून फेटेवाले त्यांच्याहून मोठ्यानं म्हणू लागले. एवढी जोरदार आरती आमच्या गल्लीत कधी झाली नव्हती. अर्थात भक्तीचा आवाज तो नव्हता. पण मारुतीला काही तक्रार दिसली नाही.

खरी मजा गुरुवारी दुपारी. इकडची पंगत उठली तशी भांडी तिकडच्या लग्नाला हवी. घासणार कोण? टोपीवाल्यांची माणसं कमी पडली, म्हणून फेटेवाले आले. देवळामागे चिंच आणि राख घेऊन पंधरा जण ओळीनं बसले. टोप्या आणि फेटे एकाच खुंटीवर. हंड्यात कमरेपर्यंत शिरलेल्या वेणीमाधवचा आवाज आतून घुमत होता, "पण नळाच्या पट्टीचा प्रश्न तुम्ही समजूनच घेत नाही!" आणि बाहेरून चनबसप्पा पातेलं उलटं करत ओरडत होता, "आधी डावी बाजू घास, मग पट्टी बोल!" भांडण चालूच होतं. पातेलं मात्र रंभाबाईच्या बोटाला पास झालं. शुक्रवारच्या हुग्गीचं पहिलं ताट आलं ते सिद्धम्मानं स्वतः आणलं, आणि त्याच्याबरोबर तुपाची वाटी वेगळी.

भांडी नंतर कचेऱ्यांत परत गेली नाहीत. तसा ठराव कुणी केला नाही, पण कुणी न्यायलाही आलं नाही. निवडणूक झाली, कोण निवडून आलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्यावरून अजून भांडतात. आरतीला रोज चाळीस माणसं येतात असं म्हणून मी तुम्हाला फसवणार नाही. आठ-दहा येतात, लग्नसराईत तीस. दिवा मात्र रात्रभर असतो, आणि रंभाबाईच्या फोडणीचा वास भिंतीवरून येतो. त्यात हिंग जरा जास्त असतो.

एक दिवस ओट्यावर हे दोघं पुढारी बसले होते. एकाच ओट्यावर, दोन टोकांना. वेणीमाधवला काय सुचलं कोण जाणे, पण उशिरा का होईना, त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो उठून उंबऱ्याशी आला आणि वकिली आवाजात म्हणाला, "रंभाबाई, खरं सांगा. तुम्ही मुद्दाम पातेली एकीकडे आणि झाकणं एकीकडे केलीत. पंचांनी तुमच्यावर विश्वास टाकला आणि तुम्ही देवाच्या दारात कपट केलंत. मारुतीची तरी भीती वाटायला हवी होती."

चनबसप्पानं पलीकडून मान हलवली. या एका मुद्द्यावर तो त्याच्या बाजूचा होता.

रंभाबाई दिव्याची वात पुढं सारत होती. तिनं मान वर केली नाही. ती म्हणाली,

"कपट कुटलं? तुमी वजन सारकं मागितलं, मी वजन सारकं दिलं. सैपाक करायचा हाय, आसं साठ जनांत कोन बोललं व्हतं?"